संदर्भबाईंचं निनावी उत्तर

लष्करासाठी खरेदी करणाऱ्या कचेरीत नोकरी आहे म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तोफा उभ्या राहतात. संदर्भबाईंनी एवढ्या वर्षांच्या नोकरीत बंदुकीची एक गोळीसुद्धा खरेदी केली नव्हती. त्यांनी दोर घेतले, बादल्या घेतल्या, मच्छरदाण्या आणि ताडपत्र्या घेतल्या, आणि अलीकडे, पाण्यात माणूस बुडू नये म्हणून अंगात घालतात ती तरंगती जाकिटं घेतली. कुणी पाहुण्यानं कौतुकानं "मग रणगाडे वगैरे जवळून बघितले असतील?" असं विचारलं, की त्या म्हणायच्या, "बघितलेत की. त्यांच्यावर घालायची ताडपत्री आमचीच असते." पाहुण्याचा चेहरा पडायचा. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही.

त्यांचं खरं नाव कचेरीत फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. संदर्भबाई हे नाव पडलं ते त्यांच्या लिहिण्यावरून. कुठलाही कागद समोर आला की डावीकडे वरच्या बाजूला 'संदर्भ' हा शब्द, त्यापुढे फाइलचा क्रमांक, त्याखाली तारीख, आणि मग एक-दोन-तीन असे आकडे घालून मजकूर. हे झाल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकायचाच नाही. साहेबांनी बोलावलं तर दारातूनच म्हणायच्या, "सकाळच्या आपल्या निरोपाच्या संदर्भात आले." एकदा घाईत नवऱ्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली होती, तिच्यावरही 'संदर्भ: गॅस. १. संपला आहे.' असं होतं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा आणि जन्माचा थट्टेखोर. त्यानं ती चिठ्ठी चौकटीत घालून स्वयंपाकघरात लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून बायकोची फिरकी घ्यायला लागला.

हसायला काय जातं? पण या सवयीच्या मुळाशी भीती होती, आणि ती खरी होती. संदर्भबाई भित्र्या होत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचे वडील एका गोदामात कारकून होते. दुसऱ्या कुणीतरी केलेला घोटाळा निस्तरताना वडिलांची एक सही आडवी आली आणि त्यांची नोकरी गेली. नोकरीबरोबर नोकरीचं घरही गेलं. पलंग, ट्रंका, स्टोव्ह असं सगळं सामान रस्त्यावर मांडलेलं, आई एका ट्रंकेवर डोकं धरून बसलेली, आणि शेजारची मंडळी पडद्याआडून बघतायत, हे शाळेतून परतलेल्या त्या मुलीनं कोपऱ्यावरून पाहिलं. तेव्हापासून सही करायची म्हटली की त्या पेन उघडून पुन्हा मिटायच्या. आपण लिहिलेल्याच्या आधी कुणी काय लिहिलं होतं ते नोंदवून ठेवलं, म्हणजे उद्या कुणी आपल्यावर ढकलायला नको, एवढाच त्या 'संदर्भा'चा अर्थ होता. आता त्या स्वतःही नोकरीच्याच घरात राहत होत्या, नवरा आणि सासूबाईंसह.

वर्षअखेरीला तरंगत्या जाकिटांचा मोठा माल आला. खोकं फोडून बाईंनी एक जाकीट हातात घेतलं आणि त्यांना ते वेगळंच लागलं. आतला फोम अंगठ्यानं दाबला तर खड्डा पडून तसाच राहिला. आधीच्या जाकिटांचा फोम चटकन वर यायचा. पुरवठादारानं फोम बदललाय की काय, अशी शंका त्यांच्या मनात आली. त्या तळघरात गेल्या.

तळघरात तपासणीची टाकी होती, आणि टाकीचा कारभार ज्यांच्याकडे होता त्यांना सगळे टाकीवाले म्हणायचे. पूर्वी ते कारखान्यात फिटर होते, मग बढती मिळून तपासनीस झाले. टाकीत एक रबरी पुतळा सोडतात, वजनानं धडधाकट माणसाएवढा. जाकीट त्याच्या अंगात घालायचं, त्याला पाण्यात सोडायचं आणि त्याची हनुवटी पाण्याच्या वर राहते का बघायचं, ही तपासणी. टाकीवाले त्या पुतळ्याला जावईबापू म्हणायचे. का, तर कामधाम काही नाही, नवे कपडे घालून नुसता डुंबत असतो आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असतात.

"जाकिटं तरंगतात ना?" बाईंनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच विचारलं.

"तरंगतात की," टाकीवाले खाली वाकून काहीतरी आवरत म्हणाले. "सही केलीय मी."

त्यांच्या सहीखाली बाईंनी सही केली. जाकिटं नदीकाठच्या एका तुकडीकडे रवाना झाली. तिथे नव्यानं भरती झालेल्या पोरांना पाण्यात उतरायला शिकवतात, आणि त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही. हे बाईंना ठाऊक होतं, कारण मागणीच्या कागदात तसं लिहिलं होतं. फोममध्ये पडलेला तो अंगठ्याएवढा खड्डा त्यांच्या मनातून जाईना. वर लिहावं, तर 'मग सही का केली' हा प्रश्न आलाच. म्हणून त्या गप्प राहिल्या. प्रशिक्षण सुरू व्हायला अजून अवकाश होता, हेच काय ते समाधान.

अशात ते सर्वेक्षण आलं. लष्करी खरेदीत काम करणाऱ्या माणसांना आपल्या कामाबद्दल काय वाटतं हे जाणून घ्यायचं, असं वरच्यांच्या मनात आलं होतं. एक गोड बोलणारे प्राध्यापक कचेरीत आले, सगळ्यांना एका खोलीत बसवून म्हणाले, "मोकळेपणानं लिहा. तुमचं नाव कुठेही येणार नाही. कुणी काय लिहिलं हे मलासुद्धा कळणार नाही." नोकरीला किती वर्षं झाली, प्रशिक्षण पुरेसं मिळालं का, वरिष्ठ ऐकून घेतात का, घाईचा ताण येतो का, असे प्रश्न संगणकावर एकामागून एक येत गेले. बाई 'बहुतेक वेळा', 'क्वचित', 'सांगता येत नाही' अशा सुरक्षित उत्तरांवर खुणा करत पुढे निघाल्या होत्या. शेवटी एक रिकामी चौकट आली. मनात शंका असताना तुम्ही कधी सही केली आहे का? हवं असल्यास सविस्तर लिहा.

बाईंचा हात थांबला. मग इतके दिवस घशात अडकलेलं सगळं त्यांनी भराभर लिहून टाकलं. नवा फोम, तो खड्डा, पुन्हा तपासणी व्हावी ही विनंती. बटण दाबलं आणि त्यांना हलकं हलकं वाटलं. सांगून झालं होतं, आणि कुणी सांगितलं हे कुणालाच कळणार नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सहकाऱ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी कांदा चिरता चिरता त्यांची नजर सहज भिंतीवरच्या चौकटीतल्या त्या गॅसच्या चिठ्ठीवर गेली, आणि सुरी हातातच राहिली. निनावी उत्तराच्या वर, डाव्या बाजूला, त्यांनी 'संदर्भ' लिहिला होता. पुढे फाइलचा क्रमांक. खाली तारीख. मग आकडे घालून मजकूर.

त्यांनी सुरी ओट्यावर ठेवली.

"काय गं, बोट कापलंस का?" नवरा आत आला.

त्यांनी सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. "अगं, एवढ्या लोकांची उत्तरं असतील. त्यात तुझं एक कोण शोधत बसतंय?"

"त्या फाइलवर दोनच सह्या आहेत," बाई म्हणाल्या. "त्यातली एक माझी."

नवरा हसायचा थांबला. त्यानं कांदा स्वतःकडे ओढून घेतला आणि एक अक्षर न बोलता चिरायला लागला. लग्न झाल्यापासून त्याला इतका गप्प बाईंनी कधी पाहिला नव्हता, आणि त्यानंच त्या जास्त घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धीर करून प्राध्यापकांना फोन लावला. आवाज बदलून बोलायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. "दिलेलं उत्तर परत घेता येतं का हो?"

"येतं की," प्राध्यापक म्हणाले. "फक्त कुठलं उत्तर तुमचं, हे मला सांगावं लागेल. आणि तुम्ही कोण, तेही. त्याशिवाय कसं काढणार?"

म्हणजे निनावी उत्तर मागे घ्यायचं तर आधी नाव सांगायचं. बाईंनी फोन ठेवून दिला. त्यांना हसू यायला हवं होतं, एरवी आलंही असतं. आता आलं नाही.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. टेबलावरचा फोन वाजला की त्या तो दुसऱ्याला उचलायला सांगायच्या. साहेबांच्या खोलीचं दार उघडलं की पेन हातातून निसटायचं. दोन माणसं कुजबुजताना दिसली तर ती आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटायचं, आणि तीच माणसं आपल्याकडे बघून हसली तर त्याहून वाईट वाटायचं. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. एकदा त्या कपाटातलं सगळं सामान काढून कुठलं कुठल्या ट्रंकेत मावेल याचा अंदाज घेत बसल्या. सासूबाई पलंगावरून बघत होत्या. "सूनबाई, कुठे गावाला निघालोय का आपण?" त्यांनी विचारलं. "नाही हो, आवरतेय नुसतं," बाई म्हणाल्या. सासूबाईंना ऐकू कमी येत असलं तरी दिसत चांगलं होतं. त्या म्हणाल्या, "मला ती खिडकीतली जागा आवडते. जिथे जाऊ तिथे एक खिडकी बघ म्हणजे झालं." बाईंना तिथेच रडू फुटलं.

आणि एका सकाळी, कचेरी नुकतीच भरली होती तेव्हा, साहेबांचा निरोप आला.

या वेळी दारातून 'संदर्भात आले' असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. साहेबांनी बसायला सांगितलं, उठून दार स्वतः लावलं आणि एक कागद फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. सर्वेक्षणातली उत्तरं होती ती. प्राध्यापकांनी शब्द पाळला होता, नावं कुणाचीच दिली नव्हती. उत्तरं मात्र जशीच्या तशी वर पाठवली होती, आणि वरून ती साहेबांकडे आली होती.

कागदावर दोन उत्तरं होती. पहिलं त्यांचं. स्वतःचे शब्द छापलेले बघून बाईंनी कागद जवळ ओढला. मग नजर खाली सरकली. दुसरं उत्तरही 'संदर्भ' या शब्दानंच सुरू झालं होतं. फाइलचा क्रमांकही तोच.

'१. वर्षअखेरीला तपासणीची टाकी गळत होती. दुरुस्ती झाली नव्हती. २. टाकीत पाणी नव्हतं. ३. सदर जाकिटं पाण्यात न घालताच तपासणीची सही केली आहे. ४. आधीचा माल पास झालाय, हाही तसाच आहे, सही करून मोकळे व्हा, असा तोंडी आदेश होता.'

बाईंनी ते पुन्हा वाचलं. हे त्यांनी लिहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडे शंका होती. इथे कुणीतरी सरळ सांगत होतं की जाकिटं पाण्याला लागलेलीच नाहीत.

"दोन वेळा कशाला लिहिलंत?" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "एकदा लिहून पोट भरलं नाही?"

"साहेब, हे दुसरं..."

"या कचेरीत 'संदर्भ' आणखी कोण लिहितं, बाई?" साहेबांनी चहाचा कप उचलला आणि बशीवर परत ठेवताना तो खडखड वाजला. तो तोंडी आदेश कुणाचा होता हे विचारायची आता गरज नव्हती. "माझं ऐका. तुमच्या भल्याचं सांगतोय. एक ओळ लिहून द्या, गैरसमजातून लिहिलं गेलं, मागे घेते. विषय संपला. नाही लिहिलंत तर चौकशी लागेल, आणि चौकशीत पहिला प्रश्न काय असेल हे तुम्हाला सांगायला नको. शंका होती तर सही का केली? तुमचं घर नोकरीचं आहे ना?"

"हो."

"मग?"

'दुसरं माझं नाही' एवढं म्हटलं असतं तरी त्या अर्ध्या सुटल्या असत्या. खोटंही नव्हतं ते. पण मग बोट कुणाकडे वळणार हे दिसत होतं, त्या फाइलवर दोनच सह्या होत्या. त्यांनी भलतंच विचारलं. "तुकडीचं पाण्यातलं प्रशिक्षण कधी आहे, साहेब?"

"आजच सुरू झालंय. आत्ताच फोन आला होता. सगळं व्यवस्थित चाललंय." साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा."

"बाहेर बसून लिहून आणते," बाई म्हणाल्या. इथे हात चालत नाही असं त्यांनी सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं.

कोरा कागद हातात धरून त्या बाहेर आल्या आणि आपल्या टेबलाकडे वळायच्या ऐवजी जिना उतरायला लागल्या. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. टाकीवाल्यांनी 'मी असं काही लिहिलेलं नाही, जाकिटं उत्तम आहेत' असं सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते ऐकलं असतं तर त्यांनी ती ओळ आनंदानं लिहून दिली असती.

टाकी आता दुरुस्त होऊन काठोकाठ भरलेली होती. टाकीवाले स्टुलावर बसून पाण्याकडे बघत होते. बाईंच्या हातातला कागद बघून ते उठले.

"तुम्हाला बोलावलं का?" त्यांनी विचारलं.

"दुसरं उत्तर तुमचं?"

टाकीवाल्यांनी हो म्हणून मान हलवली.

"मग वर 'संदर्भ' कशाला लिहिलात हो?" बाईंचा आवाज रडवेला झाला. "साहेबांना वाटतंय दोन्ही माझीच आहेत."

"मला दुसरं कसं लिहिणार?" टाकीवाले म्हणाले. "कारखान्यातून वर आलो तेव्हा पहिला कागद तुम्हीच लिहायला शिकवलात. बाई, हात पकडून शिकवलेलं विसरतं का माणूस?" ते खाली बसले. "तुम्ही मला विचारलंत, तरंगतात ना. मी हो म्हणालो. त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही मला. रोज वाटायचं, वर जाऊन सांगावं. जिन्यापर्यंत यायचो आणि परत फिरायचो. मग ते प्राध्यापक म्हणाले, नाव येणार नाही. म्हटलं, चला."

म्हणजे हाही माणूस याच छपराखाली, याच भीतीनं तळमळत होता, आणि दोघं रोज एकमेकांना नमस्कार करून पुढे जात होती. बाईंना त्याचा राग आला, कीव आली आणि स्वतःचीही आली.

"कदाचित तरंगतही असतील," त्या म्हणाल्या. "नसेल तपासलं, म्हणून वाईटच असतील असं थोडंच आहे?"

"नमुना आहे," टाकीवाले म्हणाले.

प्रत्येक मालातलं एक जाकीट सील करून तळघरातच ठेवायचं असतं, पुढेमागे भांडण निघालं तर. ते सील फोडायला साहेबांची परवानगी लागते. टाकीवाल्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी छताकडे. मग टाकीवाल्यांनी सील फोडलं. दोघांनी मिळून जावईबापूंच्या अंगात जाकीट घातलं, बंद आवळले आणि साखळीनं त्यांना पाण्यात सोडलं.

जावईबापू तरंगले. हनुवटी चांगली वर होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी काठाचं लोखंड धरलं आणि मनातल्या मनात त्या रबरी पुतळ्याला गोंजारायला लागल्या. असाच राहा रे बाबा. तू असाच राहिलास तर मी वर जाऊन ती एक ओळ लिहीन, घरी जाऊन पोटभर जेवीन, आणि पुन्हा कधी कुठल्या चौकटीत काही लिहिणार नाही. त्यांना आयुष्यात काही इतकं मनापासून हवंसं वाटलं नव्हतं.

काही वेळ गेला. पाण्याची रेघ पुतळ्याच्या गळ्यापाशी होती. मग ती गळ्यापाशी नव्हती. बाईंना आधी वाटलं की आपल्यालाच तसं दिसतंय. जाकीट वरून कोरडं दिसत होतं, पण आतला फोम पाणी प्यायला लागला होता. हनुवटीला पाणी लागलं. ओठ गेले. नाक गेलं. जावईबापू कुठलाही आवाज न करता, सावकाश, सरळ उभेच्या उभे खाली गेले, आणि थोडे बुडबुडे तेवढे वर आले.

टाकीवाल्यांनी तोंडावर हात ठेवला. पुतळ्याच्या जागी बाईंना पोरं दिसली, नवी, डोकी भादरलेली, एकमेकांना चिडवत पाण्यात उतरलेली, आणि जाकीट आहे म्हणून निर्धास्त.

"आज सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "पोरं पाण्यात आहेत."

"मी करतो फोन," टाकीवाले म्हणाले आणि भिंतीवरच्या फोनकडे धावले.

"तुमच्यानं नाही होणार." बाईंना स्वतःचाच आवाज लांबून ऐकू आल्यासारखा वाटला. "दिलेल्या मालाचा वापर थांबवायचा तर खरेदीचा माणूस लागतो. ज्याची सही आहे तो. दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाहीत."

त्यांनी फोन घेतला. घाईत आकडे दोनदा चुकले. शेवटी त्यांनी आकडे सांगितले आणि टाकीवाल्यांनी ते दाबले. पलीकडे घंटी वाजत राहिली. प्रत्येक घंटीला बाईंना वाटत होतं की कुणी उचलू नये, आणि पुढच्याच घंटीला वाटत होतं की उचला रे कुणीतरी.

"भांडार," एक कंटाळलेला आवाज आला. मागे पाण्याचा आवाज होता, शिट्ट्या होत्या, पोरांचा गलका होता.

"मी खरेदी विभागातून बोलतेय. तुम्हाला दिलेली तरंगती जाकिटं आहेत ना, नवीन माल, त्याचा वापर ताबडतोब थांबवा. पोरांना पाण्यातून बाहेर काढा."

"कोण बोलतंय?"

"खरेदी विभाग."

"विभाग कळला हो. माणूस कोण? उगाच प्रशिक्षण थांबवलं तर आमचे साहेब मला फाडून खातील. नाव सांगा."

सामान रस्त्यावर, आई ट्रंकेवर, पडद्याआडचे डोळे, सगळं एकदम बाईंसमोर उभं राहिलं. सासूबाईंची खिडकीसुद्धा. त्यांनी डोळे मिटले आणि आपलं नाव सांगितलं, वडिलांनी ठेवलेलं आणि त्यापुढे सासरचं आडनाव. मालावर माझी सही आहे, असंही सांगितलं. "तपासणी झाली नव्हती. आम्ही आत्ता केली. बुडतात ती."

पलीकडे रिसीव्हर लाकडावर आपटल्याचा आवाज झाला, आणि लांबून ओरडणं ऐकू आलं, बाहेर या, सगळे बाहेर, ए, त्या मधल्याला धरा. शिट्टी न थांबता वाजायला लागली. गलका वाढला, मग त्याचा सूर बदलला. बाई कान रिसीव्हरवर दाबून उभ्या होत्या. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली आणि साहेबांची हाक आली, "बाई, लिहून झालं का?" त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पलीकडे आता मोजणी चालली होती. एकेक पोर आपला आकडा ओरडत होतं. मध्येच आकडा थांबला. कुणीतरी तोच आकडा पुन्हा पुकारला. उत्तर नाही. टाकीवाल्यांनी बाईंचा चेहरा बघितला आणि भिंतीला टेकून खाली बसले.

मग खोकण्याचा आवाज आला. कुणीतरी खूप पाणी ओकलं, खूप वेळ खोकलं, आणि घोगऱ्या आवाजात आपला आकडा म्हणालं. मोजणी पुढे सरकली.

रिसीव्हर उचलला गेला. तोच आवाज होता, पण आता त्याला धाप लागली होती. "सगळे आले, बाई. एक जण जात होता, आला तोही." तो थांबला. कागदाची सळसळ ऐकू आली. "आता तुमचं नाव परत सांगा. मघाशी नीट लिहून घेतलं नाही."

साहेब तळघरात येऊन बाईंच्या पाठीशी उभे होते. बाई आधी होत्या तेवढ्याच घाबरलेल्या होत्या. त्यांनी आपलं नाव सांगितलं, या वेळी एकेक अक्षर सुटं करून.